‘कानाला बरं वाटतं’ म्हणून उत्तर देऊ नका : सीमाभागातल्या मुलांसाठी इंग्रजी वाक्यसुधारणेचा सराव

‘आय ॲम लिव्हिंग इन खानापूर सिन्स फाइव्ह इयर्स.’

हे वाक्य मी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी मुलामुलींपुढे ठेवलं आहे. चूक शोधा म्हटलं की थोडा वेळ सगळे गप्प होतात. मग कुणी ‘इन’वर बोट ठेवतं, कुणी ‘नो एरर’ म्हणून मोकळं होतं. खरं तर यात दोन चुका आहेत. बरोबर वाक्य असं : ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन खानापूर फॉर फाइव्ह इयर्स.’

ही चूक दिसत नाही याचा अर्थ मुलं कच्ची आहेत असा नाही. आपण घरी ‘पाच वर्षांपासून खानापुरात राहतोय’ असं म्हणतो. शेजारच्या कन्नड घरात ‘ऐदु वर्षदिंद’ म्हणतात. दोन्ही भाषांत ‘२०१९ पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ यांना एकच प्रत्यय लागतो आणि क्रियापद वर्तमानकाळातच राहतं. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, कालावधी सांगायचा तर ‘फॉर’, आणि काम तेव्हापासून आजवर चालू असेल तर ‘हॅव बीन’. लहानपणापासून दोन भाषांनी घडवलेला आपला कान त्या चुकीच्या वाक्याला बरोबर म्हणतो, आणि परीक्षेत आपण त्या कानाचं ऐकतो.

मी स्वतः मराठी माध्यमातून शिकलो. बँकेच्या परीक्षांची तयारी करत होतो तेव्हा एका क्लासमध्ये शंभर नियमांची झेरॉक्स मिळाली होती आणि सोबत सल्ला : ‘चारही पर्याय मनात वाचा, कानाला बरं वाटेल त्यावर टिक करा.’ ज्यांच्या घरात इंग्रजी बोलली जाते त्यांना हा सल्ला उपयोगी पडेल. माझे त्यात गुण जात राहिले. नंतर मी चुकलेली वाक्यं वहीत उतरवून प्रत्येकापुढे ‘मला हे बरोबर का वाटलं?’ असं लिहायला लागलो, तेव्हा कळलं की शंभर नियम मला नकोच होते. माझ्या चुका दहा-बारा जागांवरच होत होत्या आणि त्यातल्या बहुतेक माझ्या मराठीतून आल्या होत्या. पुढची सगळी पद्धत त्यावरच उभी आहे.

एक सूचना आधीच. इथली इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचा आणि वहीत रोमन लिपीत स्वतः उतरवा. स्पेलिंग अडलं तर डिक्शनरी काढा. तुमचा पहिला सराव हाच.

परीक्षा कोणती, ते आधी ठरवा

इथे फार वेळ घालवू नका, पण आकडे माहीत हवेत. केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठी स्टाफ सिलेक्शन कमिशन पदवीधरांची सीजीएल परीक्षा घेतं. तिच्यात पहिल्या टप्प्यात ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात. त्यातले २५ इंग्रजीचे, प्रत्येकी २ गुण, चुकलं की अर्धा गुण जातो. दुसऱ्या टप्प्यात इंग्रजीचे ४५ प्रश्न, प्रत्येकी ३ गुण, आणि चुकलं तर पूर्ण १ गुण वजा. सरकारी बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएस जी क्लार्क पूर्व परीक्षा घेते, तिच्यात इंग्रजीच्या ३० प्रश्नांना २० मिनिटं मिळतात, वजावट पाव गुणाची. सैन्यात अधिकारी होण्यासाठी बारावीनंतर एनडीए आणि पदवीनंतर सीडीएस अशा परीक्षा आहेत. एनडीएच्या जनरल ॲबिलिटी पेपराच्या ६०० गुणांत २०० इंग्रजीचे असतात. सीडीएसला इंग्रजीचा स्वतंत्र पेपर आहे : १२० प्रश्न, १०० गुण, दोन तास. नर्सिंग किंवा इंजिनिअरिंग करून परदेशी जाणारे आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देतात. तिथे टिक करायचं नसतं, स्वतः लिहायचं असतं; त्याबद्दल शेवटाकडे बोलू. नमुना अधूनमधून बदलतो, म्हणून फॉर्म भरताना त्या वर्षीची जाहिरात पूर्ण वाचा.

बँकेच्या क्लार्क पदासाठी ज्या राज्यातून अर्ज करायचा तिथली राजभाषा यावी लागते. मराठीबरोबर कन्नड लिहिता-वाचता येणाऱ्या सीमाभागातल्या मुलाला म्हणून कुठल्या राज्यातून अर्ज करायचा हे निवडता येतं. कन्नड शाळेत सक्तीचं म्हणून रेटून पास केलं असेल, तरी ते विसरू नका.

पहिला आठवडा : फक्त चुका गोळा करा

नियमांचं पुस्तक या आठवड्यात उघडू नका. तुमच्या परीक्षेच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतले चुका शोधण्याचे आणि वाक्यसुधारणेचे साठेक प्रश्न काढा. रोज दहा सोडवा, घड्याळ न लावता. प्रत्येक उत्तरापुढे एक खूण करा : कारण देता येत असेल तर ‘क’, अंदाज असेल तर ‘अं’. मग उत्तरं तपासा.

‘अं’ लिहून बरोबर आलेली उत्तरं बरोबर धरू नका. त्यात स्वतःचीच फसवणूक होते, कारण पुढच्या पेपरात तोच नियम वेगळ्या वाक्यात आला की अंदाज उलटा पडतो. चुकलेले सगळे आणि अंदाजाने बरोबर आलेले सगळे, दोन्ही वहीत जातील.

वही दोनशे पानी, साधी. पानावर चार रकाने आखा. पहिल्यात मूळ वाक्य, दुसऱ्यात सुधारलेलं, तिसऱ्यात नियम एका ओळीत आणि तोही मराठीत, चौथ्यात ‘मला हे बरोबर का वाटलं’. चौथा रकाना भरायला मुलं कंटाळतात आणि मी मात्र तोच आधी तपासतो. नंदगडहून येणाऱ्या एका मुलीच्या वहीत महिन्याभरात त्या रकान्यात ‘जरी-तरीमुळे’ हा शब्द नऊ वेळा आला होता. दहाव्यांदा तसं वाक्य दिसलं तेव्हा तिनं ते वाचून संपायच्या आधीच पकडलं.

वाक्य चाळायचा क्रम

वाक्य समोर आलं की नजर भिरभिरते. तिला ठरलेली वाट द्या. आधी मुख्य क्रियापद शोधून त्याखाली रेघ मारा. मग त्याचा कर्ता शोधा, तो क्रियापदाच्या लगेच शेजारी असेलच असं नाही. मग काळ दाखवणारा शब्द : येस्टरडे, सिन्स, बाय दिस टाइम. मग जोडणारे शब्द : ऑल्दो, इफ, नायदर. मग शब्दयोगी अव्ययं, म्हणजे इन, टू, ऑन यांचं कुटुंब. सगळ्यात शेवटी अ, ॲन, द. सुरुवातीला एका वाक्याला दोन मिनिटं लागतील, लागू द्या. तीन आठवड्यांत हा क्रम हाताला वळण लागल्यासारखा बसतो आणि वेळ आपोआप कमी होतो.

आता माझ्या वहीत आणि मुलांच्या वह्यांत सारख्या येणाऱ्या जागा बघू. इथे घाई करू नका.

कर्ता आणि क्रियापद. प्रमाण मराठीत ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी आंबे खाल्ले’ असं क्रियापद कर्माच्या मागे जातं. आपल्याकडे बेळगाव-चंदगड पट्ट्यात कित्येक घरांत ‘मी भाकरी खाल्लो’, ‘मी काम केलो’ असं बोलतात. पुण्या-मुंबईकडे गेलं की यावरून मुलांना हसतात आणि ती बोलायची बंद होतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. कन्नडच्या शेजाराने आलेली ही रीत आहे, तिच्यात क्रियापद सरळ कर्त्याचं ऐकतं, आणि इंग्रजी नेमकं तेच करते. ‘सीता हॅज ईटन द मँगोज.’ आंबे कितीही असोत, ‘हॅज’ सीतेसाठी आहे. घरच्या बोलीची आठवण ठेवा, कामाला येईल.

फसवतात ती लांबलेली वाक्यं. ‘द बॉक्स ऑफ मँगोज हॅव अराइव्ह्ड.’ क्रियापदाच्या शेजारी ‘मँगोज’ दिसले की हात ‘हॅव’कडे जातो. इथे मराठीलाच विचारा. ‘आंब्यांची पेटी आली’ म्हणाल की ‘आले’? पेटी आली. म्हणून ‘हॅज’. ‘माझ्या मित्रांपैकी एक चिकोडीला राहतो’ यात मित्र अनेकवचनी, राहतो एकवचनी. इंग्रजीतही तसंच, ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन चिक्कोडी’. आपण बोलताना मात्र ‘माझा एक मित्र’ म्हणतो आणि त्यातून ‘वन ऑफ माय फ्रेंड’ तयार होतं. इंग्रजीत लिहिण्याआधी मनात ‘मित्रांपैकी’ असं म्हणा, चूक टळते.

आदरार्थी अनेकवचन ही आणखी एक जागा. ‘बाबा आले’, कन्नडमध्ये ‘अप्पा बंदरु’. दोन्हीकडे मान देताना अनेकवचन येतं. त्यामुळे ‘माय फादर हॅव कम’ लिहिताना मुलांना काही खटकत नाही. इंग्रजीत वडील कितीही मानाचे असले तरी एकवचन : ‘माय फादर हॅज कम’.

‘नायदर… नॉर’ आणि ‘आयदर… ऑर’ असेल तर क्रियापद जवळच्या कर्त्याचं ऐकतं. ‘ॲज वेल ॲज’, ‘अलाँग विथ’ असेल तर पहिल्याचं. ‘सर मुलांसह आले’ यातलं ‘सह’ आठवा. मुलं बरोबर आहेत, पण वाक्य सरांचं आहे. ‘द टीचर, अलाँग विथ द स्टुडंट्स, हॅज गॉन टू गोकाक.’

काळ. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ वर आलंच. दुसरी जागा म्हणजे ‘काल’. ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ मराठीत चालतं, म्हणून ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ लिहिलं जातं. इंग्रजीत येस्टरडे, लास्ट वीक, इन २०१८ असा संपलेला काळ दिसला की ‘हॅव’ काढायचं : ‘आय सॉ हिम येस्टरडे’.

‘जर-तर’मध्ये ‘विल’ फक्त ‘तर’च्या बाजूला. ‘इफ इट विल रेन, द बस विल बी लेट’ चूक. ‘इफ इट रेन्स, द बस विल बी लेट.’ आपणसुद्धा ‘पाऊस आला तर बस उशिरा येईल’ असंच म्हणतो, ‘येईल’ एका बाजूलाच. मुलं मात्र भविष्याची गोष्ट म्हणून दोन्हीकडे ‘विल’ घालतात.

आणि ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’. माहीत असणं, असणं, आवडणं, समजणं या स्थिती आहेत, चाललेलं काम नाही. त्यांना ‘इंग’ लावू नका.

जोड्या. जरी-तरी, जर-तर, ज्याअर्थी-त्याअर्थी. मराठीत असे शब्द जोडीने येतात आणि एकटा आला तर आपल्याला वाक्य अर्धवट वाटतं. म्हणून ‘ऑल्दो ही वर्क्स इन अ फाउंड्री ॲट उद्यमबाग, बट ही स्टडीज एव्हरी नाइट’ हे वाक्य पूर्ण, नीट वाटतं. इंग्रजीत ‘ऑल्दो’ आलं की ‘बट’ नको, दोघांपैकी एकच. ‘ॲज… सो’चंही तसंच. पण काही जोड्या इंग्रजीच्या स्वतःच्या आहेत आणि तिथे जोडीदार बदललेला चालत नाही : ‘नो सूनर’बरोबर ‘दॅन’, ‘हार्डली’बरोबर ‘व्हेन’, ‘लेस्ट’बरोबर ‘शुड’. स्टाफ सिलेक्शनच्या पेपरात या पुन्हा पुन्हा विचारल्या जातात. पाठ करा.

‘ला’, ‘शी’, ‘वर’. ‘बेळगावला पोहोचलो’ यातला ‘ला’ इंग्रजीत ‘टू’ होऊन घुसतो : ‘रीच्ड टू बेळगाव’. नको. ‘आय रीच्ड बेळगाव.’ ‘त्याच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ’. हवं ‘मॅरीड टू’. ‘विषयावर चर्चा’ म्हणून ‘डिस्कस ऑन’ किंवा ‘डिस्कस अबाउट’; ‘डिस्कस’ला काहीच नको. ‘सुपीरियर’, ‘ज्युनियर’, ‘प्रिफर’ यांच्यामागे ‘दॅन’ नको, ‘टू’ हवं. याला सरसकट नियम नाही. वहीच्या शेवटच्या दहा पानांत यादी करा आणि प्रत्येक शब्दापुढे आपल्या गावाचं एक वाक्य लिहा. ‘आय प्रिफर कुंदा टू करदंट’ एकदा लिहिलं की ‘प्रिफर’ विसरत नाही.

‘म्हणून सांगितलं’. ‘उद्या येतो म्हणून सांगितलं’ अशी आपली बोलायची पद्धत. कन्नडमध्ये त्या जागी ‘अंत’. दोन्हीत बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे राहतात. इंग्रजीत ‘दॅट’ आलं की सगळं हलतं : ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.’ ‘येतो’चा ‘वुड कम’ झाला आणि ‘उद्या’चा ‘नेक्स्ट डे’. प्रश्न असेल तर आणखी एक गोष्ट बघा. ‘टेल मी व्हेअर इज द बस’ चूक. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की त्याचा क्रम साध्या वाक्यासारखा होतो : ‘टेल मी व्हेअर द बस इज.’

वाक्याच्या शेवटी ‘ना?’ किंवा ‘हौदल्ल?’ आपण कुठेही लावतो. त्यामुळे ‘यू आर कमिंग, इझन्ट इट?’ असं होतं. इंग्रजीचा ‘ना’ प्रत्येक वाक्यासाठी वेगळा असतो : ‘यू आर कमिंग, आरन्ट यू?’

‘चालताना’. ही चूक वरच्या पातळीच्या पेपरात येते आणि बहुतेकांची निसटते. ‘रस्त्याने चालताना कुत्रं चावलं.’ मराठीत हे निर्दोष वाक्य आहे, कोण चालत होतं ते ऐकणाऱ्याला कळतं. तेच इंग्रजीत ‘वॉकिंग ऑन द रोड, अ डॉग बिट मी’ केलं की रस्त्याने चालणारा कुत्रा होतो, कारण इंग्रजीत असा ‘इंग’वाला तुकडा स्वल्पविरामानंतर पहिल्या येणाऱ्या नामाला चिकटतो. सुधारणा : ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग ऑन द रोड, अ डॉग बिट मी.’ वाक्य ‘इंग’वाल्या शब्दाने सुरू झालं की स्वल्पविरामापाशी थांबून विचारा, हे काम पुढचा करतोय का?

अ, ॲन, द. मराठीत नाहीत, कन्नडमध्येही नाहीत, म्हणून सगळे यांना घाबरतात. पण ‘अ’ की ‘ॲन’ या प्रश्नाचं उत्तर देवनागरीत चक्क लिहिलेलं असतं. रोमन लिपीत पहिलं अक्षर बघून मुलं फसतात. तो शब्द देवनागरीत लिहा. सुरुवात स्वराने झाली तर ‘ॲन’, व्यंजनाने झाली तर ‘अ’. युनिव्हर्सिटी ‘य’ने सुरू होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. युनिफॉर्म, युरोपियन, युजफुल तसेच. ‘वन-वे रोड’ ‘व’ने, म्हणून ‘अ’. आता उलट बाजू बघा : अवर, ऑनेस्ट, एअर म्हणजे वारस, यांच्या स्पेलिंगमध्ये पुढे एच आहे, पण देवनागरीत स्वर आहे, म्हणून ‘ॲन’. एमएलए, एक्स-रे, एलएलबी स्वराने, म्हणून ‘ॲन’. यूपीएससी ‘यू’ने, म्हणून ‘अ यूपीएससी मेंबर’. आपण लहानपणी बाराखडी घोकली तिचा इथे असा फायदा होतो, आणि तो इंग्रजी माध्यमाच्या मुलाला सहज मिळत नाही.

‘द’ थोडा किचकट. तूर्त इतकं धरा : नदीला ‘द’ लागतो, गावाला लागत नाही. ‘द मलप्रभा राइजेस ॲट कणकुंबी.’ ‘द घटप्रभा’, ‘द कृष्णा’, पण ‘निपाणी’, ‘बेळगाव’. सर्वांत जास्त, सर्वांत मोठा असं काही असेल तर ‘द’. आधी उल्लेख आलेली वस्तू पुन्हा आली तर ‘द’.

मोजता न येणारी नामं, ‘मोर बेटर’सारखी दुहेरी तुलना, यादीतले शब्द एकाच रूपात ठेवणं हे सगळंही येतं, पण ते पाठांतराने आणि सवयीने लवकर जमतं. इन्फॉर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, सीनरी, लगेज यांना ‘एस’ लावू नका, आणि ‘न्यूज’ला ‘इज’ लावा.

वाक्यसुधारणेचा प्रश्न कसा सोडवायचा

अधोरेखित भागाखाली चार पर्याय असतात आणि त्यांतला एक बहुधा ‘नो इम्प्रूव्हमेंट’ अशा अर्थाचा. आधी हाताने पर्याय झाका. वाक्य क्रमाने चाळा आणि सुधारणा स्वतः मनात करा. मग हात काढा. तुमची सुधारणा पर्यायांत असेल तर काम झालं. नसेल तर पर्याय एकमेकांशी ताडून बघा आणि ते कुठे वेगळे आहेत ते शोधा. फरक फक्त काळाचा असेल तर प्रश्न काळाचाच आहे, बाकी वाक्यावर वेळ घालवू नका. फरक ‘टू’ आणि ‘फॉर’ यांचा असेल तर वहीच्या शेवटच्या पानांची आठवण काढा.

एक वाक्य पूर्ण सोडवून दाखवतो. ‘द वर्कर्स ऑफ द टोबॅको गोडाउन ॲट निपाणी हॅज नॉट बीन पेड सिन्स टू मंथ्स.’ क्रियापद : ‘हॅज नॉट बीन पेड’. कोणाला पगार मिळाला नाही? गोडाउनला नव्हे, वर्कर्सना. म्हणून ‘हॅव’. काळाचा शब्द : ‘सिन्स टू मंथ्स’, दोन महिने हा कालावधी, म्हणून ‘फॉर’. जोडणारा शब्द नाही. ‘ॲट निपाणी’ ठीक. झालं. परीक्षेच्या वाक्यात बहुतेक वेळा एकच चूक असते, इथे सरावासाठी दोन ठेवल्या.

‘नो एरर’ला घाबरू नका. काहींना वाटतं, प्रश्न दिलाय म्हणजे चूक असणारच, आणि ती बरोबर वाक्यात चूक पाडतात. काही जण काही सुचलं नाही की तिथे टिक करतात. सगळ्या पायऱ्या पार झाल्या आणि काही सापडलं नाही, तरच ‘नो एरर’.

नकारात्मक गुणांचा हिशोब साधा आहे. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात बरोबरला २ आणि चुकीला अर्धा. चारपैकी एक पर्याय खात्रीने बाद झाला असेल तर उत्तर देणं फायद्याचं. बँकेत पाच पर्याय आणि पाव गुण वजा, तिथे अगदी अंधारात टिक केल्याने सरासरीने काही मिळत नाही आणि वेळ जातो तो वेगळाच. एक-दोन पर्याय कारण देऊन खोडता आले तर टिक करा, नाही तर पुढे चला.

घड्याळ कधी लावायचं

पहिले तीन आठवडे नाही. चौथ्यापासून रोज २० प्रश्न, आधी १५ मिनिटांत, मग १२, मग १०. रविवारी नवे प्रश्न नकोत. त्या दिवशी फक्त वही. मागच्या आठवड्यातली चुकलेली वाक्यं दुसऱ्या कागदावर सुधारणेशिवाय उतरवा आणि पुन्हा सोडवा. दोनदा बरोबर आलेलं वाक्य वहीत खोडा. पुन्हा चुकलेल्यापुढे लाल खूण. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात फक्त लाल खुणा वाचायच्या.

वेळ नाही असं सांगणारी मुलं बरीच भेटतात आणि त्यांचं खोटं नसतं. खानापूरहून बेळगावला रोज कॉलेजला येणाऱ्या मुलाचा दिवस बसमध्येच जातो, गावात घरचं शेत असतं, पावसाळ्यात वीज जाते. बसमध्ये लिहिता येत नाही, पण चौथा रकाना वाचता येतो. बेळगावात असाल तर ग्रंथालयात जा. १८४८ पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय या शहरात आहे. इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख घ्या आणि त्यातल्या पाच वाक्यांची फक्त क्रियापदं आणि कर्ते शोधा. अर्थ पूर्ण लागला नाही तरी चालेल. लांब वाक्यात कर्ता कुठे दडतो ते डोळ्यांना कळायला लागतं.

आयईएलटीएसवाल्यांसाठी

तिथे लेखनाला ६० मिनिटं असतात : पहिलं काम किमान १५० शब्द, दुसरं किमान २५०. गुण चार सारख्या वजनाच्या निकषांवर, त्यातला एक व्याकरणाची विविधता आणि अचूकता. म्हणजे फक्त छोटी, सुरक्षित वाक्यं लिहून भागत नाही, आणि लांब वाक्यं तोडून-मोडून लिहिली तरी गुण जातात.

सराव असा करा. मराठी वर्तमानपत्रातल्या बातमीतली चार-पाच वाक्यं इंग्रजीत उतरवा. त्याच दिवशी तपासू नका. दुसऱ्या दिवशी चार फेऱ्यांत वाचा : पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं, दुसऱ्या फेरीत फक्त अ-ॲन-द, तिसऱ्या फेरीत जोडणारे शब्द, चौथ्या फेरीत विरामचिन्हं. सगळं एकदम तपासायला गेलं की काहीच धड दिसत नाही.

विरामचिन्हांत एक सवय मोडावी लागेल. ‘पाऊस आला, शाळा सुटली, आम्ही घरी गेलो’ हे मराठीत सुंदर वाक्य आहे. इंग्रजीत तीन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामांनी जोडता येत नाहीत. ‘व्हेन द रेन केम, द स्कूल क्लोज्ड अर्ली, अँड वी वेंट होम.’ ‘व्हेन’ने पहिलं वाक्य दुसऱ्याला बांधलं, ‘अँड’ने तिसरं. परीक्षेत दुसऱ्या कामाच्या ४० मिनिटांतली शेवटची पाच अशा तपासणीला ठेवा, आणि तेव्हा फक्त तुमच्या वहीत लाल खुणा असलेल्या चुका शोधा.

आज संध्याकाळी करायची पाच वाक्यं

पेन घ्या, उत्तरं झाका, प्रत्येकाचं कारण मराठीत लिहा.

१. द प्राइस ऑफ दीज टोमॅटोज आर टू हाय.
२. नो सूनर डिड द बस लीव्ह खानापूर व्हेन इट स्टार्टेड रेनिंग.
३. ही आस्क्ड मी व्हेअर वॉज द पोस्ट ऑफिस.
४. हॅविंग फिनिश्ड द पेपर, द बेल रँग.
५. नायदर द ड्रायव्हर नॉर द पॅसेंजर्स वेअर हर्ट.

पहिल्यात ‘आर’ऐवजी ‘इज’, कारण जास्त आहे तो दर. दुसऱ्यात ‘व्हेन’ऐवजी ‘दॅन’. तिसऱ्यात ‘व्हेअर द पोस्ट ऑफिस वॉज’, प्रश्न पोटात गेलाय. चौथ्यात पेपर घंटेने संपवला असा अर्थ होतो. ‘हॅविंग फिनिश्ड द पेपर, आय हर्ड द बेल रिंग’ केलं की काम करणारा सापडतो. पाचव्यात जवळचा कर्ता ‘पॅसेंजर्स’, म्हणून ‘वेअर’ बरोबर आहे. वाक्यात चूक नाही. तिथे काही खोडलं असेल, तर ते वाक्य आणि तुम्ही केलेली दुरुस्ती दोन्ही वहीच्या पहिल्या पानावर उतरवा आणि चौथा रकाना भरा.